‘येते’ म्हणून निघणारी इंग्रजी

१९७९ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. इबादान शहरातल्या एका माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागून मला चारच दिवस झाले होते. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसणाऱ्या भूगोलाच्या बाईंनी वह्यांचा गठ्ठा काखेत मारला, माझ्याकडे बघून हसल्या आणि ‘आय ॲम कमिंग’ म्हणत दाराबाहेर निघून गेल्या. समोर बसलेला इंग्रज शिक्षक माझ्यासारखाच नवा होता. तो बराच वेळ दाराकडे बघत राहिला. येतेय म्हणाली आणि गेली कुठे, हे त्याला उमगेना.

मला मात्र त्यात अडण्यासारखं काही वाटलं नाही. आमच्या सांगलीच्या घरात उंबरा ओलांडताना ‘जाते’ म्हणायची सोय नव्हती. आजी जागच्या जागी थांबवायची, ‘येते म्हण’ म्हणायची, आणि तसं म्हटल्यावरच पाऊल बाहेर पडायचं. योरुबा भाषेतही थोड्या वेळासाठी उठून जाणारा माणूस ‘मो न बो’ म्हणतो, म्हणजे ‘मी येतोय’. बाईंनी शब्द इंग्रजीतले घेतले होते, निरोप योरुबात घेतला होता. सांगलीहून आलेल्या मला तो सरळ कळला आणि ज्याची इंग्रजी ही मातृभाषा होती त्याला कळला नाही. पुढे पाच वर्षं मी त्या देशात राहिले. तिथल्या इंग्रजीबद्दल मला जे काही सांगायचं आहे, त्याचं बीज त्या दुपारी पडलं.

आम्ही तिथे कसे पोचलो ते थोडक्यात सांगते. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि नायजेरियाकडे पैसा आला. १९७६ साली तिथे सर्व मुलांसाठी मोफत प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू झाली. शाळा भराभर वाढल्या आणि शिक्षक कमी पडू लागले. भारतातून, घानामधून शिक्षक बोलावले गेले, त्या लाटेत मी आणि माझे यजमान गेलो. परतताना सामानात तीन जाड वह्या होत्या. बाजारात, बसमध्ये, वर्गात, चर्चच्या पायऱ्यांवर, लग्नांत आणि तेराव्यासारख्या त्यांच्या जेवणावळींत ऐकलेले शब्द आणि वाक्प्रयोग मी त्यांत टिपले होते. त्या वह्या आणि नंतरच्या चाळीस वर्षांचं वाचन यांतून पुढच्या पानांतला शब्दसंग्रह तयार झाला आहे. नायजेरियन लेखकांना मूळ इंग्रजीत वाचणाऱ्या किंवा मराठीत आणू पाहणाऱ्या वाचकासाठी तो आहे.

सुरुवातीला या वह्या ‘चुकांच्या’ होत्या, हेही सांगायला हवं. प्रयोगवहीत एका मुलानं लिहिलं होतं की परीक्षानळी तापवल्यावर आम्ही अमोनियाचा वास ‘ऐकला’. मी लाल शाईनं तो शब्द खोडला. दुसऱ्या वहीत तेच, तिसऱ्या वहीत तेच. चाळीस वह्यांमध्ये वास ऐकलेला निघाला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. चाळीस मुलं एकाच वेळी एकच चूक करत नसतात. योरुबात ‘ग्बो’ हे एकच क्रियापद ऐकण्यालाही चालतं, वास जाणवण्यालाही आणि भाषा समजण्यालाही. म्हणूनच तिथे ‘मला योरुबा ऐकू येते’ असं कोणी इंग्रजीत म्हणालं, तर त्याचा अर्थ मला ती भाषा कळते, असा असतो. आपण मार खातो, शपथ खातो, आणि अधिकारी पैसे खातो. तिथेही अधिकारी पैसेच खातो, इंग्रजीतून. हे वाक्य मी वहीत लिहिलं त्या दिवसापासून लाल शाई वापरणं सोडलं. त्याआधी ज्या मुलांचे गुण कापले गेले त्यांची आठवण आजही मला टोचते.

इंग्रजी त्या भूमीवर आली ती काही शाळेच्या दारातून आली नाही. गिनीच्या किनाऱ्यावर आधी पोर्तुगीज जहाजं पोचली, पंधराव्या शतकात. त्यांच्या व्यापारी बोलीतले काही शब्द किनाऱ्यावर राहिले आणि मागून आलेल्या इंग्रजांच्या भाषेत मिसळले. ‘साबी’ म्हणजे ठाऊक असणं, हा पोर्तुगीज ‘साबेर’. ‘पिकिन’ म्हणजे लहान मूल, हा ‘पेकेनिनो’. लागोस हे शहराचं नावच पोर्तुगीज आहे, त्याचा अर्थ सरोवरं. त्याच शतकाच्या शेवटी त्याच दर्यावर्दींची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून आपल्या बाजूला आली आणि पुढे कोकण-गोव्यात चावी, पगार, घमेलं, फीत हे शब्द रुजले. इबादानची आई ‘पिकिन’ म्हणते आणि आपला गवंडी ‘घमेलं’ म्हणतो, तेव्हा दोघांच्या तोंडी एकाच गलबतांवरची भाषा असते. तिथे असताना मला परकेपणा फारसा वाटला नाही, त्यामागे अशाही काही गोष्टी असाव्यात.

मग गुलामांचा व्यापार आला. त्याच्या कथेत एक माणूस असा आहे की त्याला वगळून या भाषेचा इतिहास सांगता येणार नाही. अजायी नावाचा योरुबा मुलगा १८२१ च्या सुमारास गावावर पडलेल्या धाडीत पकडला गेला, विकला गेला, जहाजात कोंबला गेला. ते जहाज ब्रिटिश आरमारानं अडवलं आणि १८२२ मध्ये त्याला सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला मुक्त करण्यात आलं. तिथे तो इंग्रजी शिकला, सॅम्युअल अजायी क्राउदर झाला, १८२७ मध्ये निघालेल्या फोरा बे कॉलेजच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत होता. १८४३ मध्ये त्यानं योरुबा शब्दसंग्रह छापला. पुढे बायबल योरुबात आणण्याचं मोठं काम त्यानं केलं आणि १८६४ मध्ये तो अँग्लिकन पंथाचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. ज्या माणसानं त्या किनाऱ्यावर इंग्रजी नेली, त्याच माणसानं योरुबा कागदावर आणली. फ्रीटाउनहून परतलेल्या अशा अनेक कुटुंबांनी लागोस आणि अबेओकुटा इथे शाळा, चर्च, छापखाने चालवले. नायजेरियाच्या दक्षिणेत इंग्रजी पसरवण्यात गोऱ्या साहेबाइतकाच या परतलेल्या माणसांचा हात होता.

उत्तरेत चित्र वेगळं. १८६१ मध्ये लागोस ब्रिटिशांनी घेतलं आणि १९१४ मध्ये ब्रिटिश प्रशासक लुगार्डनं उत्तर आणि दक्षिण एका राज्यकारभाराखाली जोडली, पण उत्तरेतल्या मुस्लिम अमिरांच्या मुलखात मिशनऱ्यांना मोकळीक नव्हती आणि कारभारात हौसा भाषा चाले. इंग्रजी शाळा तिथे उशिरा आणि तुरळक गेल्या. त्यामुळे आजही कानोचा माणूस आणि एनुगूचा माणूस बोलायला लागले की दोघांची इंग्रजी वेगळी ऐकू येते. एकात हौसाचे स्वर, दुसऱ्यात इग्बोचे.

१ ऑक्टोबर १९६० ला देश स्वतंत्र झाला. पाचशेहून अधिक भाषांचा देश. हौसा, योरुबा, इग्बो या तीन मोठ्या भाषांतली एक निवडली असती तर उरलेल्या दोघी दुखावल्या असत्या, आणि बाकीच्या शेकडो भाषांना तर कोणी विचारलंच नसतं. इंग्रजी राहिली. १९९९ च्या राज्यघटनेत लिहिलं आहे की संसदेचं काम इंग्रजीत चालेल, आणि पुरेशी व्यवस्था होईल तेव्हा हौसा, इग्बो आणि योरुबातही. विद्यापीठाचं दार तर इंग्रजीच्या किल्लीनंच उघडतं. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या पश्चिम आफ्रिका परीक्षा मंडळाच्या शालान्त परीक्षेत इंग्रजीत चांगले गुण नसतील तर गणितात पहिल्या आलेल्या मुलाचीही वाट अडते. माझ्या वर्गातल्या अशा दोन मुलांचे चेहरे मला अजून आठवतात.

इथे एक फरक सांगून ठेवते, कारण आपल्याकडचे वाचक इथे नेहमी गोंधळतात. नायजेरियात इंग्रजीच्या नात्यातल्या दोन भाषा आहेत. एक शाळेत, कचेरीत, वर्तमानपत्रात चालणारी नायजेरियन इंग्रजी. दुसरी पिजिन, जी बंदरात जन्मली आणि जिचं व्याकरण स्वतःचं आहे. पिजिनमध्ये ‘आय डोन चॉप’ म्हणजे मी जेवलोय. ‘डोन’ हा क्रिया पुरी झाल्याची खूण करणारा शब्द. ‘आय डे चॉप’ म्हणजे जेवतोय. ‘उना’ म्हणजे तुम्ही सगळे, हा इग्बोतून आला. आजच्या इंग्रजीत अनेकवचनी ‘तुम्ही’ला वेगळा शब्द उरलेला नाही, पिजिननं तो मिळवला. जिथे दोन माणसांची मातृभाषा एक नसते, म्हणजे वारी, पोर्ट हारकोर्ट, लागोस अशा शहरांत जवळजवळ सगळीकडे, तिथे पिजिन चालते. शाळा तिला अनेक वर्षं मोडकी म्हणत आली, शाळेच्या आवारात बोलली तर मुलांना दंड व्हायचा. गायक फेला कुटीनं मात्र मुद्दाम पिजिनमध्ये गायला सुरुवात केली, कारण त्याला फक्त योरुबा माणसांशी बोलायचं नव्हतं. लष्करावरचं त्याचं गाणं लोकांच्या तोंडी बसलं आणि १९७७ च्या फेब्रुवारीत सैनिकांनी त्याच्या घरावर हल्ला केला. २००७ पासून लागोसमध्ये संपूर्ण पिजिनमधलं नभोवाणी केंद्र चालू आहे. त्याचं नाव ‘वाझोबिया’. ‘वा’, ‘झो’, ‘बिया’, म्हणजे योरुबात, हौसात आणि इग्बोत ‘ये’. २०१७ मध्ये बीबीसीनंही पिजिन सेवा सुरू केली.

या पुस्तकात पिजिनचे शब्द आहेत, पण माझं मन अडकलं आहे ते पहिल्या भाषेत. तिचं व्याकरण इंग्रजीसारखं दिसतं आणि म्हणूनच तिच्यावर चुकीचा शिक्का पटकन बसतो. तिच्यातलं खरं नवेपण शब्दांपेक्षा रीतभातीत आहे.

योरुबा माणूस दुसऱ्याला पाहून नुसता पुढे जाऊ शकत नाही. प्रत्येक स्थितीला एक अभिवादन आहे. काम करणाऱ्याला ‘ए कु इशे’, बसलेल्याला वेगळं, बाजारात असलेल्याला वेगळं, पावसात भेटलेल्याला आणखी वेगळं. ही सवय घेऊन माणूस इंग्रजीत आला तेव्हा इंग्रजीजवळ सकाळ, दुपार, संध्याकाळ एवढेच कप्पे होते. मग त्यानं ‘वेल डन’ हा शब्द घेतला. तुम्ही अंगण झाडताय, फळा पुसताय, वह्या तपासताय, जाणारा म्हणतो, ‘वेल डन, मा’. शाबासकी द्यायचा त्याचा हेतू नसतो. तुम्ही राबताय हे मी पाहिलं, एवढंच तो सांगतो. आपल्याकडे शेतात काम करणाऱ्याला बांधावरून जाणारा ‘काय पाव्हणं, चाललंय का?’ म्हणतो, त्याच्या जवळपासची ही गोष्ट आहे.

तसंच ‘सॉरी’. पहिल्याच पावसाळ्यात लाल चिखलावरून माझा पाय घसरला आणि टोमॅटोची टोपली रस्त्यावर सांडली. रस्त्यापलीकडे कंदमुळं विकणारी बाई, जिचा माझ्या पडण्याशी काडीचा संबंध नव्हता, उभी राहून म्हणाली, ‘सॉरी, मा. सॉरी ओ.’ दोन मुलं टोमॅटो गोळा करताना ‘सॉरी’ म्हणाली. मी त्यांना सांगत राहिले की तुमचा काही दोष नाही. ती माझ्याकडे नवलानं बघत राहिली. योरुबात ‘पेले’, इग्बोत ‘न्दो’, हौसात ‘सन्नु’. दुसऱ्याला लागलं, दुखलं, त्याचं काही गेलं, की उच्चारायचा शब्द. आपला ‘अरेरे’ किंवा ‘लागलं का गं?’ त्या जागेवर येतो. इंग्रजीत माफी मागायला शब्द होता. परक्याच्या ठेचेवर फुंकर घालायला नव्हता. नायजेरियानं त्याच शब्दाला ते काम दिलं. मला वाटतं, इंग्रजी भाषेला कोणी दिलेल्या देण्यांत ही फार मोठी आहे.

आदराचंही असंच. योरुबात ‘ओ’ म्हणजे तू आणि ‘ए’ म्हणजे तुम्ही. वडीलधाऱ्यांना ‘ओ’ म्हणणं म्हणजे उद्धटपणाची परिसीमा. आपल्याला हे समजावून सांगायला नको, ‘अहो’ आणि ‘अरे’ यांच्यामध्ये आपलं अर्धं घर उभं असतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. ती पोकळी ‘सर’ आणि ‘मा’ भरून काढतात, वाक्यागणिक, कधी वाक्यात दोनदा. परदेशी माणसाला ही लाचारी वाटते. खरं तर बोलणारा ‘अहो’ म्हणत असतो. नात्यांतही योरुबा भाषा मुलगा की मुलगी याआधी मोठं की धाकटं हे विचारते. ‘एग्बोन’ म्हणजे थोरलं भावंड, ‘अबुरो’ म्हणजे धाकटं. म्हणून तिथे ‘सीनियर ब्रदर’ असतो आणि ‘ज्युनियर सिस्टर’ असते. ‘सेम फादर, सेम मदर’ म्हणजे सख्खं. आणि बाजारात विकणारी मला ‘कस्टमर’ म्हणायची, मी तिला ‘कस्टमर’ म्हणायचं. एकदा हे संबोधन जुळलं की दुसऱ्या गाळ्यावर जायची चोरी.

‘नेक्स्ट टुमॉरो’ हा शब्द मराठी माणसाला फोड करून सांगायची गरज नाही. परवा. इंग्रजीला त्यासाठी चार शब्दांचं लांबण लावावं लागतं. आणि निरोपसमारंभाला तिथे ‘सेंड-ऑफ’ऐवजी बरेचजण ‘सेंड-फोर्थ’ म्हणतात. कारण असं सांगतात की ‘ऑफ’मध्ये हाकलून दिल्यासारखं, कायमचं गेल्यासारखं वाटतं. आजीला हे पटलं असतं.

शहरानं आणि सरकारानं घडवलेल्या शब्दांची जात वेगळी. त्यांत इतिहास दडलेला असतो. ‘डान्फो’ म्हणजे लागोसची पिवळी छोटी बस. ‘मामा पुट’ म्हणजे रस्त्याकडेची खाणावळ, कारण गिऱ्हाईक ताट पुढे करून म्हणतं, मामा, हे वाढ, ते वाढ. ‘टोकुन्बो’ हे मुळात परदेशात जन्मून मायदेशी आलेल्या मुलाचं योरुबा नाव, समुद्रापलीकडून परतलेलं; ते आता परदेशातून आलेल्या जुन्या, वापरलेल्या मोटारीलाही लागतं. ‘ओकाडा’ म्हणजे भाड्याची मोटरसायकल. हा शब्द माझ्यानंतरचा आहे. ओकाडा एअर नावाची देशी विमान कंपनी होती, तिचं नाव ट्रॅफिकमधून उडत जाणाऱ्या दुचाकीला चिकटलं. कंपनी बंद पडली, दुचाकी राहिली. वीज गेली की ‘नेपानं दिवे नेले’ असं म्हणत, नेपा हे वीज महामंडळाचं संक्षिप्त नाव. आणि दिवे आले की सगळ्या गल्लीतली मुलं एका सुरात ‘अप नेपा!’ ओरडत. महामंडळाचं नाव बदलून जमाना झाला तरी ती आरोळी टिकली.

एका शब्दापाशी मात्र मला थांबायचं आहे. निळ्या-लाल-पांढऱ्या चौकड्यांची, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली, वर चेन असलेली मोठी स्वस्त पिशवी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मुंबईच्या कुठल्याही रेल्वे स्टेशनावर दिसते. नायजेरियात तिचं नाव आहे ‘घाना मस्ट गो’. १९८३ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष शेहू शगारींच्या सरकारनं जाहीर केलं की कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांनी दोन आठवड्यांत देश सोडावा. तेलाचे भाव पडले होते, नोकऱ्या आटल्या होत्या, निवडणूक तोंडावर होती. सुमारे वीस लाख माणसांवर ही पाळी आली. त्यांतली निम्मी-अधिक घानाची. १९६९ मध्ये घानानं नायजेरियन लोकांना असंच घालवलं होतं, त्याची आठवण तेव्हा लोक काढत होते, जणू एक अन्याय दुसऱ्यानं फिटतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक घानाचा शिंपी बसायचा. माझ्या नऊवारी पातळाकडे बघून त्यानं एकदा विचारलं होतं, हे न शिवता कसं राहतं? दाखवल्यावर लहान मुलासारखा हसला होता. त्यानं यंत्र विकलं, कुठल्या भावानं ते मी विचारलं नाही. अशी एक पिशवी विकत घेतली, तिच्यात कात्री, इस्त्री, कापडाचे तुकडे आणि बायकोची भांडी भरली. जाताना म्हणाला, ‘आय ॲम कमिंग, मा.’ या खेपेला ते खरं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी ‘वेल डन’ म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही. शब्दसंग्रहात या शब्दापुढे मी फक्त ‘चौकड्यांची पिशवी’ एवढंच लिहिलं असतं तर तो शब्द समजला असता, आणि काहीच समजलं नसतं.

आता साहित्याकडे वळते, कारण बहुतेक वाचक या इंग्रजीला पुस्तकांतूनच भेटणार आहेत.

१९५२ मध्ये लंडनच्या फेबर प्रकाशनानं ‘द पाम-वाइन ड्रिंकर्ड’ ही कादंबरी काढली. लेखक अमोस टुटुओला, जेमतेम सहा वर्षं शाळेत गेलेला, लोहारकाम शिकलेला, लागोसच्या मजूर खात्यात निरोप्याची नोकरी करणारा. योरुबा लोककथेतला ताडीबाज आपल्या मेलेल्या ताडी काढणाऱ्याला शोधत मृतांच्या गावी निघतो, ही त्याची कथा. लंडनमध्ये डायलन टॉमस या कवीनं तिचं कौतुक केलं. नायजेरियातले शिकलेले लोक मात्र संतापले: जगासमोर आमची अशी अशुद्ध इंग्रजी? दोन्ही बाजूंनी त्या भाषेकडे नवलाई म्हणून किंवा लाज म्हणून पाहिलं. टुटुओलाच्या वाक्यांची चाल योरुबा कथेकऱ्याची आहे, हे शांतपणे ऐकून घ्यायला काही वर्षं जावी लागली.

चिनुआ अचेबेची वाट निराळी होती. इबादानच्या विद्यापीठात शिकलेला हा इग्बो लेखक इंग्रजीवर पूर्ण हुकमत असलेला. १९५८ मध्ये त्याची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ आली. तिची इंग्रजी वरून शांत, व्याकरणशुद्ध वाटते, पण माणसं बोलू लागली की म्हणींनी बोलतात, मुद्द्याला येण्याआधी कोलाचं फळ फोडून पाहुणचार करतात, आणि वाक्याचा तोल इग्बो पंचायतीतल्या भाषणाचा असतो. १९६४ मध्ये केलेल्या एका भाषणात अचेबेनं आपल्याच दुसऱ्या एका कादंबरीतला उतारा घेतला. पुजारी आपल्या मुलाला ख्रिस्ती लोकांत पाठवतो, तो प्रसंग. आधी जसा लिहिला तसा वाचला, मग तोच आशय सरधोपट इंग्रजीत मांडून दाखवला. दुसऱ्यात माहिती सगळी आहे, पुजारी नाही. इंग्रजी ठेवायची, पण तिला आपल्या अनुभवाचं ओझं उचलायला वाकवायची, हा त्याचा आग्रह होता. केन सारो-विवानं १९८५ च्या ‘सोझाबॉय’मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. नायजेरियातल्या बियाफ्राच्या यादवीसारख्या युद्धात ओढला गेलेला खेडवळ पोरगा स्वतःच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सारी हकीकत सांगतो. त्याला युद्धाचे मोठे शब्द कळत नाहीत, आणि म्हणून वाचकाला ते शब्द किती पोकळ आहेत ते कळतं. या सारो-विवाला १९९५ च्या १० नोव्हेंबरला लष्करी राजवटीनं फाशी दिलं, ओगोनी लोकांच्या तेलानं नासलेल्या जमिनीसाठी तो उभा राहिला होता म्हणून.

या सगळ्यांच्या विरुद्ध उभे राहिलेले लोकही तितकेच आपले आहेत. १९६२ मध्ये युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. पुढच्याच वर्षी ओबी वाली या नायजेरियन समीक्षकानं लिहिलं की हा रस्ता पुढे बंद आहे. आफ्रिकी साहित्य आफ्रिकी भाषांतच होऊ शकतं. केनियाच्या न्गुगी वा थिओंगोनं ते मनावर घेतलं. तुरुंगात शौचालयाच्या कागदावर त्यानं गिकुयु भाषेत कादंबरी लिहिली आणि पुढे कथा-कादंबरीसाठी इंग्रजी सोडली. नायजेरियातल्या इफे इथे १९७० मध्ये बाबाटुंडे फाफुन्वा यांनी एक प्रयोग सुरू केला: एका गटाला सहाही प्राथमिक वर्षं योरुबातून शिकवायचं, इंग्रजी स्वतंत्र विषय म्हणून. ती मुलं मागे पडली नाहीत, इंग्रजीतही नाहीत. पुढे २०२२ मध्ये सरकारनं मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं धोरण मंजूर केलं, तरीही २०२५ मध्ये ते मागे घेतलं. मी स्वतः इंग्रजी माध्यमातून शिकवलं, पगार घेतला. त्यामुळे ओबी वाली यांना चुकीचं ठरवायचा अधिकार मला वाटत नाही. पण बाजारातली ती कंदमुळं विकणारी बाई ‘सॉरी ओ’ म्हणाली, तेव्हा तिनं जे उच्चारलं तेही तिचंच होतं, हे कोणी नाकारलं तर मी ऐकून घेणार नाही.

भाषाशास्त्रात हा वाद जुना आहे. १९६८ मध्ये क्लिफर्ड प्रेटर या अमेरिकी अभ्यासकानं लिहिलं की भारतीय किंवा आफ्रिकी इंग्रजीला शिकवण्यासाठी नमुना मानणं हा घातक विचार आहे. त्याला सडेतोड उत्तर दिलं ब्रज काचरू या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञानं, १९७६ मध्ये. नायजेरियात आयो बामगबोशे यांनी हाच प्रश्न आयुष्यभर तपासला: नायजेरियन इंग्रजीतलं नवं काय आणि चुकीचं काय, हे ठरवायचं कोणी? २०२० च्या जानेवारीत ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशानं नायजेरियन इंग्रजीतले २९ शब्द दाखल केले. त्यांत ओकाडा आहे, मामा पुट आहे, नेक्स्ट टुमॉरो आहे. मला आनंद झाला. पण बालवाडीपासून पदवीपर्यंत इंग्रजीतून शिकलेल्या नायजेरियन मुलाला परदेशी विद्यापीठात जायचं तर अजूनही अनेकदा पैसे भरून इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि ते प्रमाणपत्र दोन वर्षांत शिळं होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकी गुंतवणूकदारानं जाहीरपणे लिहिलं की पत्रात ‘डेल्व्ह’ हा शब्द दिसला की ते यंत्रानं लिहिलंय असं समजावं. नायजेरियातून उत्तरांचा पाऊस पडला: हा आमचा रोजचा शब्द आहे. असणारच. शाळेत निबंधातल्या भारदस्त शब्दांना आम्ही शिक्षकांनीच तर गुण दिले होते.

आता संग्रहाच्या मांडणीबद्दल. प्रत्येक शब्दापुढे मूळ भाषा दिली आहे, जिथे मला ती पक्की ठाऊक आहे तिथेच. मराठी प्रतिशब्द देताना मी एक गोष्ट टाळली आहे. पिजिन मराठीत आणायची तर भाषांतरकार चटकन मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडीकडे वळतो. तसं करू नये अशी माझी विनंती आहे. या बोलींना स्वतःची माती आहे, ओव्या आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचं घर आहे. पिजिन ही बंदरात, परक्यांमध्ये उभ्या राहिलेल्या माणसांची भाषा. तिला वऱ्हाडी नेसवलं तर दोघींवर अन्याय होतो. साधी, आखूड वाक्यांची मराठी वापरावी आणि पिजिनचे दहा-बारा शब्द तसेच राहू द्यावेत. वाचक तिसऱ्या पानावर ‘वहाला’ म्हणजे कटकट हे शिकतो आणि शेवटपर्यंत विसरत नाही.

उच्चारांसाठी मोठ्यानं वाचावं. ही इंग्रजी प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देते, इंग्रजांसारखी अक्षरं गिळत नाही. मराठी जिभेला ती सोपी जाते.

एक नोंद मात्र मी अपुरी सोडली आहे. वाक्याच्या शेवटी येणारा ‘ओ’. ‘ऊन आहे ओ.’ ‘सांभाळून ओ.’ ‘सॉरी ओ.’ कधी तो आपला ‘बरं का’ असतो, कधी ‘हं’, कधी ‘गं’, कधी नुसता लांबवलेला श्वास. बावीस वाक्यं मी टिपली होती, बावीस ठिकाणी वेगळा मराठी शब्द बसला आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांडलं. म्हणून त्या बावीस वाक्यांपुढे मराठी अर्थ दिला आहे आणि शेवटचा ‘ओ’ जसाच्या तसा ठेवला आहे.